वरच्या लाकडावरची साल

कार्डिफ,
९ मार्च २०२४

चि. पूर्वी,

मामाचा आशीर्वाद. थोडा ओला असेल. इथे सकाळपासून पाऊस आहे आणि टपालाची पेटी गल्लीच्या टोकाला आहे.

तुझं पत्र आणि तुझ्या सासऱ्यांचा प्रेस एकाच आठवड्यात पोचले. पत्र लाल शाईने दुरुस्त करून सोबत परत पाठवतो आहे. प्रेसला वेळ लागेल. 'माझी नवरा खूप काम करते' असं तू लिहिलं आहेस. रीसला मराठी येत नाही हे त्याचं भाग्य. टेबल नपुंसक, खुर्ची बाई, दिवा पुरुष, याला कारण विचारू नये. संस्कृतात बायकोलाच तीन शब्द आहेत: भार्या स्त्रीलिंगी, दार पुल्लिंगी आणि कलत्र नपुंसकलिंगी. हे मी नंदामामीला लग्नाच्या पहिल्याच वर्षी उत्साहाने समजावून सांगितलं. तेव्हापासून गॅरेजमध्ये माझी स्वतंत्र व्यवस्था आहे.

नीना म्हणते, फोनवर बोला की, ही पत्रांची कसली हौस. तुझ्या आईला काय जातंय सांगायला. फोनवर तू तिसऱ्या वाक्याला इंग्रजीत पळून जातेस. कागदावरून पळता येत नाही. हॅरोत जन्मलेली माझी भाची लग्न करून वेल्सच्या डोंगरात जाते आणि तिथून 'मामा, मला मराठी शिकव' म्हणते, तेव्हा माझी अट एकच होती: हाताने लिहायचं आणि टपालाने पाठवायचं. तू हो म्हणालीस. आता भोग.

रीसने ट्रेलरमधून ते धूड उतरवलं तेव्हा नंदाने खिडकीतून विचारलं, फाशीचा खांब कशाला आणलास. मी म्हटलं, हा सफरचंदांचा सोऱ्या आहे. आहेच तसा. ओकचे दोन उभे खांब, त्यांच्यावर एक आडवं जाड लाकूड, त्यातून खाली उतरणारा लोखंडी स्क्रू, आणि खाली पट्ट्यांची गोल बादली. चकलीऐवजी रस पडतो, आणि रस विसरून गेलात तर त्याचा सायडर होतो, म्हणजे दारू, एवढाच फरक. स्क्रू गंजून लाकडात असा बसला आहे की कोण कुणाला धरून आहे ते सांगता येत नाही. सगळ्या लाकडावर कुणीतरी डांबर फासलं आहे. वरच्या लाकडाची एक बाजू तर सुताराने तासलेलीच नाही. झाडाची साल तशीच आहे, आणि डांबर तिच्यावरही.

आता मी काय करायचं ते स्पष्ट लिही. तो पूर्वी होता तसा करायचा, की तुला परसात एकटीला वापरता येईल असा? लोक या दोन गोष्टींत गोंधळ करतात आणि जीर्णोद्धार म्हणून दगडी देवळाला ऑइलपेंट लावतात.

तुझा,
परीक्षितमामा

---

ब्रेकनजवळ,
२२ मार्च

प्रिय मामा,

तुझा पत्र मिळाली. लाल शाई खूप होता. रीसने विचारलं, कुणाला लागलं का?

मी नीट सांगते. प्रेस माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी बनवला. सासरे, एम्रिस, आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. रीसचा मोठा भाऊ ग्विन म्हणतो प्रेस गार्डनमध्ये ठेवा आणि त्यात फुलं लावा. एम्रिस म्हणाले, नाही, तो पूर्वीचा आहे, कारण ती एकटी विचारते की हे चालतं कसं. ग्विन हसला आणि म्हणाला, आता ह्यात करी बनवणार. मामा, ह्या घरात मी बाहेरची आहे. प्रेस मिळाल्यावर थोडी कमी बाहेरची झाले. म्हणून तो बिघडायला नको.

मला घरी वापरायचा आहे. मी एकटी फिरवू शकेन असं कर. पाय छोटी कर, मला वर पोचत नाही. काळा रंग सगळी काढ.

आणि मेन काम. हे एम्रिससाठी. वरच्या लाकडावरची साल काढ. ती काळ्या रंगाच्या खाली आहे. हळू काढ, घाई नको. ते तिची खूप वाट बघतात. का, ते मी लिहीत नाही. त्यांनी फक्त मला सांगितलं आहे, मुलांना पण नाही. मी त्यांना प्रॉमिस केलं की माझा मामा हे नक्की करेल.

तुझी,
पूर्वी

---

कार्डिफ,
२७ एप्रिल

चि. पूर्वी,

काम झालं. आधी फुशारकी मारून घेतो.

स्क्रूपुढे मी हात टेकले. त्याला तेल पाजलं, शेक दिला, शिव्या दिल्या, त्यातल्या काही पाणिनीय होत्या. तो हलला नाही. शेवटी खालून कापला. आता आडव्या लाकडाखाली गाडी उचलायचा हायड्रॉलिक जॅक बसतो. त्याला गाडी वर ढकलायची सवय. इथे वर ओक उभा ठाकल्यामुळे तो नाइलाजाने सफरचंदांना खाली ढकलतो. तू एका हाताने दांडी मारशील आणि दुसऱ्या हातात चहा धरशील. पाय वीतभर कापले. लगद्यासाठी नंदाने जाड कापडाच्या पिशव्या शिवल्या आहेत, श्रीखंडाचा चक्का बांधते तशा. डांबर गेलं, आणि लाकडाला जवसाचं तेल पाजलं, म्हणजे रसात विष उतरणार नाही.

आणि तुझं मेन काम. पूर्वी, तुझ्या पत्रातल्या चुका मोजायचं मी सोडून दिलं आहे, पण त्या एका परिच्छेदात जादू झाली. 'लाकडावरची साल.' पुढे 'ती रंगाच्या खाली.' पुढे 'तिची वाट बघतात.' नाम, सर्वनाम, विशेषण, सगळी एका रांगेत, हात धरून. मी नंदाला मोठ्याने वाचून दाखवलं. तिथे लाल शाई लागली नाही.

तुझ्या सासऱ्यांना ती साल का खुपते हे मला कळलं नाही, पण ब्याऐंशीव्या वर्षी माणसाला काहीही खुपायचा हक्क आहे. डांबर खरवडलं, खालची साल दोन मुठींच्या सुरीने सोलली. ती सोलल्यावर आतलं लाकूड किडीने खाल्ल्यासारखं ओबडधोबड निघालं, म्हणून वरून रंधा मारला. आता त्यावर गाल घासावा इतकं गुळगुळीत आहे. ढलप्या आणि सालपटं शेजाऱ्याच्या खताच्या ढिगात गेली.

रीसला ट्रेलर घेऊन पाठव. सासऱ्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
परीक्षितमामा

---

ब्रेकनजवळ,
४ मे

परीक्षितमामा,

आज मी तुम्हाला 'तुम्ही' लिहिते. आईला खूप राग आला की ती पप्पांना 'तुम्ही' म्हणते. का, ते मला आता कळलं.

साल म्हणजे वर्ष. मला वर्ष पाहिजे होता. आजी म्हणायची ना, कुठल्या साली, त्या साली. तुम्हीच म्हणता आजीची शब्द वापर. मी वापरला. आईला फोन केला तेव्हा ती आधी हसली. मग म्हणाली, अगं, 'त्यावरचं साल' लिहायचं. वर्ष असलं तर 'चं', झाडाची असली तर 'ची'. मग ती हसायची थांबली.

त्या लाकडावर, झाडाच्या सालीतून आतपर्यंत, एम्रिसच्या वडिलांनी साल कोरलं होतं. प्रेस बनवला ते साल. एम्रिस लहान असताना वडील वारले. आईने दुसरं लग्न केलं, आणि त्या माणसाने आल्यावर सगळ्या प्रेसला डांबर लावलं. एम्रिसने नखाने खरवडलं तर मार खाल्ला. त्यांची आई म्हणायची, तुझ्या बापाने हा प्रेस तू जन्मलास तेव्हा तुझ्यासाठी बनवला. तो माणूस म्हणायचा, खोटं, तो आधीपासून होता, तुझ्यासाठी कुणी काही बनवलं नाही. साल बघितलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं, मग इतकी वर्षं तुम्ही का नाही काढलं? ते म्हणाले, भीती वाटायची, की तो माणूस खरा निघाला तर. आता ब्याऐंशीव्या वर्षी त्यांना धीर आला. आणि मी म्हटलं, माझ्या मामाकडे द्या.

तुम्ही माझ्या प्रत्येक पत्र लाल करता. तुम्हाला सगळ्यात जास्त माहीत आहे की मी चुकते. आणि ज्या एका दिवशी मी चुकले असं समजायला पाहिजे होतं, त्या दिवशी तुम्ही समजलात की मी बरोबर आहे. वाचून दाखवलं मामीला. शाबासकी.

तुम्हाला लाकूड दिसलं नाही. तुम्हाला फक्त माझी व्याकरण दिसली.

पूर्वी

---

कार्डिफ,
९ मे

चि. पूर्वी,

'तुम्ही' वाचून नंदाने विचारलं, हे पत्र चुकून बँकेचं उघडलंस का. नंतर तिने पूर्ण वाचलं आणि माझ्याशी बोलायचं थांबवलं. ती तुझ्या बाजूने आहे. मीही बहुतेक तुझ्याच बाजूने आहे, पण मला तिथे बसायला जागा दिसत नाही, म्हणून इकडून बोलतो.

मला तुझा राग आला आहे, हे आधी सांगून टाकतो. एक शब्द लिहायचा होतास. 'वर्ष'. 'आकडा'. 'इयर' लिहिलं असतंस तरी मी फक्त कपाळाला हात लावला असता. 'का ते लिहीत नाही' म्हणे. सासऱ्यांचं गुपित सांभाळलंस आणि ते उघडायचं हत्यार मात्र आंधळ्याच्या हाती दिलंस. भाचीने आयुष्यात एकदा तिन्ही शब्दांचं लिंग जुळवलं, तर मामाने काय समजायचं? तुझ्यावर एकदाच विश्वास ठेवला आणि त्याच दिवशी तू चुकीचं बरोबर लिहिलंस.

हे लिहून वाचलं. खरं आहे, आणि त्याचा काही उपयोग नाही.

आता दुसरा राग, तो तुला माहीत नाही. मला खुणा दिसल्या होत्या. साल सोलल्यावर खाली खाचा होत्या, एक तर चांगली गोल होती. कीड गोल खाते, असं मी स्वतःला सांगितलं. रंधा हातात होता, त्याचं पातं नुकतं धार लावलेलं होतं, आणि धारदार पातं हातात असलं की माणसाला सगळं ओबडधोबडच दिसतं. मी डोळ्यांचं ऐकलं नाही, कागदाचं ऐकलं. कागदावर 'ची' होतं ना.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी शेजाऱ्याच्या खताच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून बसलो. बटाट्याच्या साली, कांद्याच्या साली, केळ्याच्या साली, सगळ्या स्त्रीलिंगी. शेजारी काय शोधतोस म्हणून विचारत होता. एक वर्ष, असं सांगितलं. तो घरात गेला तो बाहेर आला नाही. ओकची सालपटं मिळाली, कुजून चहाच्या चोथ्यासारखी झालेली. त्यांच्यावर वाचण्यासारखं काही उरलेलं नाही.

एक उपाय सुचतो. एम्रिस कोणत्या साली जन्मले ते कळव. मी ते जुन्या धाटणीने कोरतो, हात जरा थरथरता ठेवून, आणि खाचांत काळं भरतो. लाकूड तेच आहे, जागा तीच. त्यांना जे ऐकायचं होतं ते मिळेल आणि त्या डांबरवाल्याचं तोंड एकदाचं बंद होईल. जगात बऱ्याच मूर्तींची नाकं अशीच नंतर बसवलेली आहेत.

तुझा,
परीक्षित

---

ब्रेकनजवळ,
१४ मे

मामा,

नाही.

तुम्ही मला एक काना चुकवू देत नाही. आणि एका माणसाचा बाप खोटा कोरणार?

एम्रिसची आई खरं बोलत होती की तो माणूस, हे त्यांना बघायचं होतं. तुम्ही कोरलं तर तिसरा माणूस खोटं बोलेल, आणि तो माझा मामा असेल.

प्रेस तिथेच ठेवा. मी एम्रिसना अजून सांगितलं नाही. हत्यार लावू नका. येऊ नका. फोन करू नका.

पूर्वी

---

कार्डिफ,
२ सप्टेंबर

चि. पूर्वी,

तू फोन करू नका म्हणालीस, केला नाही. येऊ नका म्हणालीस, आलो नाही. उन्हाळा म्हणतात तो पावसाळा गेला, आणि तुझ्याकडून एक ओळ नाही. नीनाला विचारलं तर ती हवेवर बोलते.

आज दारात रीस उभा होता. इकडे कामासाठी आला होता, वाटेत थांबला. त्याच्या हातात मधाची बाटली, तुझ्या सासऱ्यांनी पाठवलेली, आणि तिच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: 'घाई नाही. मी पुष्कळ थांबलो आहे.'

पूर्वी, हा काय प्रकार आहे? रीसने सहज सांगितलं की मामा अजून वरच्या लाकडावर काम करतोय, फार नाजूक काम आहे, असं तू घरात सांगितलं आहेस. मे महिन्यापासून. म्हणजे रोज सकाळी तो म्हातारा चहा पिताना समजतो की कार्डिफमध्ये एक सज्जन गृहस्थ त्याच्या बापाचं साल ब्रशने झाडतो आहे. आणि तो सज्जन गृहस्थ गॅरेजमध्ये एका गुळगुळीत लाकडाकडे पाहत बसला आहे.

मी खोटं कोरणार होतो तेव्हा तू मला फटकारलंस. योग्य केलंस. मी त्या पत्राची घडी अजून टेबलावर ठेवली आहे, रोज सकाळी टोचून घ्यायला. मग तू हे काय कोरते आहेस? माझं एका दिवसात कोरून झालं असतं. तू रोज थोडं थोडं कोरतेस.

रागावू नको असं म्हणणार नाही. तुला राग आला आहे तो माझा, आणि भीती वाटते आहे ती त्या घराची. 'थोडी कमी बाहेरची' झाले म्हणालीस, ते पुन्हा जाईल म्हणून तू बोलत नाहीस. मला कळतं. मी तीस वर्षं या देशात आहे आणि अजून शेजाऱ्याच्या कुंपणाला हात लावताना परवानगी मागतो. पण त्या माणसाला वाट पाहायला लावायचा तुला हक्क नाही. त्याच्यासाठी साल झाकून ठेवणारा एक माणूस होऊन गेला. दुसरा नको.

मध परत पाठवता येत नाही आणि उघडवत नाही. तो नंदाने देवासमोर ठेवला आहे. मी तिकडे पाहत नाही.

या महिन्यात तू सांगितलं नाहीस तर मी येऊन सांगेन. सरळ. इंग्रजीत, म्हणजे लिंगाचा घोळ होणार नाही.

परीक्षित

---

ब्रेकनजवळ,
१० सप्टेंबर

मामा,

येऊ नका. मीच सांगते.

रीस शनिवारी ट्रेलर घेऊन येईल. त्याला पण काल सांगितलं. त्याने भांडी घासली, सगळी, स्वच्छ असलेली पण. मामीला सांगा चहा द्या. तुम्ही बोलू नका.

पूर्वी

---

कार्डिफ,
३ ऑक्टोबर

चि. पूर्वी,

प्रेस गेला, रीस गेला, आणि त्यानंतर पुन्हा शांतता. मी बोलू नये अशी आज्ञा होती म्हणून मी त्याला फक्त बिस्किटं दिली. त्याने ती मान खाली घालून खाल्ली. दोन पुरुष एका किटलीसमोर उभे होते आणि दोघांनाही एकाच बाईची भीती वाटत होती.

तू सांगितलंस का? ते काय म्हणाले? घरात ठेवलं आहे की नाही तुला? हे विचारायला मला लाज वाटत नाही. रात्री नंदा विचारते, उत्तर आलं का, आणि मी नाही म्हटलं की दिवा मालवते, जणू पत्र मीच लपवलं आहे.

शिव्या दे, पण लिही. व्याकरणाकडे पाहणार नाही. लाल पेन नंदाने कुठेतरी ठेवलं आहे आणि कुठे ते सांगत नाही.

परीक्षितमामा

---

ब्रेकनजवळ,
१४ ऑक्टोबर

मामा,

उशीर झाली. राग होता. पण इंग्रजीत लिहायचं नव्हतं, आणि मराठीत एवढं मला येत नव्हतं. आता येतं तसं लिहिते.

मी एम्रिसना शेडमध्ये सांगितलं. रीसने प्रेस आत ठेवला आणि बाहेर गेला. मी म्हटलं, साल गेलं, कायमचं, आता कुणाला कळणार नाही. त्यांनी लाकडावर हात फिरवला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, जसा आंधळा माणूस फिरवते. मग म्हणाले, 'त्या माणसाने झाकलं होतं. पण निदान खाली राहू दिलं होतं.'

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी तुझं नाव घेतलं नाही. म्हटलं, माझी चूक आहे, मी चुकीचा शब्द लिहिला. त्यांनी विचारलं कोणता. मी सांगितलं, आमच्याकडे एकच शब्द आहे, वर्षाला नपुंसक, झाडाच्या सालीला बाई. मी बाई लिहिलं. मे पासून खोटं सांगत होते ते पण सांगितलं. तेव्हा त्यांनी टोपी घातली आणि गेले.

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवणाची प्लेट घेऊन खोलीत जायचे. ऑर्चर्डमध्ये सफरचंद पडून कुजत होती, वास्प, त्या चावणाऱ्या माश्या, आल्या, आणि प्रेस शेडमध्ये तसाच. मी रोज जॅकला तेल लावायचे, म्हणजे काहीतरी करायचे.

मग रविवारी ग्विन आला, बायकोला घेऊन. लंचला सगळे बसलो, एम्रिस पण बसले, ग्विनसाठी. ग्विनला रीसने सांगितलं होतं. तो हसायला लागला. मला म्हणाला, 'स्वतःची भाषा येत नाही, तर त्या भाषेत काम कशाला सांगायचं?' त्याची बायको म्हणाली, गार्डनमध्ये ठेवला असता तर निदान तारीख राहिली असती. मामा, ते खरं होतं. रीस उठायला लागला.

एम्रिसनी काटा खाली ठेवला आणि ग्विनकडे बघून वेल्शमध्ये बोलायला लागले. खूप वेळ बोलले. मोठी आवाज नाही, पण मला भीती वाटली. ग्विन लाल झाला. त्याला कळत नव्हतं. तो रीसकडे बघत होता आणि रीसला पण अर्धंच कळत होतं. मग एम्रिस इंग्रजीत म्हणाले, 'बघ. तिच्याकडे चुकायला एक भाषा आहे. तुझ्याकडे चुकायला काय आहे?'

ग्विन म्हणाला, तुम्ही आम्हाला कधी शिकवली? एम्रिस म्हणाले, 'नाही शिकवली. त्याचा पण राग आहे. तो तुझ्यावर नाही.'

कुणी पुडिंग खाल्लं नाही.

मग ते मला म्हणाले, मी तुला माफ केलं नाही. मी म्हटलं, ठीक आहे. ते म्हणाले, वेल्शमध्ये वर्ष बाई आहे आणि झाडाची साल पुरुष, तुमच्या उलट, आणि दोन्हीकडे मूर्खपणा आहे. मग उठले आणि शेडमध्ये गेले. मी मागून गेले. त्यांनी बादली होज लावून धुतली, सफरचंदं ठेचली, मामीची पिशवी भरली आणि जॅकची दांडी मारायला लागले. इतक्या रागाने की मला वाटलं लाकूड तुटेल. तुटलं नाही. रस आला, काळपट, खूप. त्यांनी प्यायला. मला पण दिला. तोंडात गोड आणि मग आंबट.

त्यांच्या आईची आणि त्या माणसाची गोष्ट त्यांनी मला परत सांगितली. कुठली खरी ते आता कधी कळणार नाही. ते म्हणाले, 'मी तिचं ऐकायचं ठरवलं असतं तर कधीच ठरवता आलं असतं. मला पुरावा पाहिजे होता. आता पुरावा नाही, तर मला ठरवावं लागेल, आणि ह्या वयात ते काम मला कुणी दिलं?' मी म्हटलं, मी. ते म्हणाले, 'तू एकटी नाही.' मग जॅककडे बोट केलं. म्हणाले, हे शहाण्या माणसाचं काम आहे. कुणाचं? त्यांना माहीत होतं, तरी माझ्याकडून ऐकायचं होतं. मी म्हटलं, माझा मामा. ते म्हणाले, आणि लाकूड? मी म्हटलं, तोच.

तर शनिवारी तू ये. मामीला पण आण. ते तुझ्यावर ओरडणार आहेत. वेल्शमध्ये, कारण इंग्रजीत त्यांना पूर्ण रागावता येत नाही. तू मध्ये बोलू नको. नंतर तुला जे म्हणायचं ते मराठीत म्हण, त्यांनी तसं सांगितलं आहे. इंग्रजीत सॉरी त्यांना सगळेच म्हणतात. मी मध्ये उभी राहणार नाही आणि काही ट्रान्सलेट करणार नाही.

आणि जेवून ये. ते म्हणाले, उपाशी माणसावर ओरडता येत नाही.

पूर्वी